इंजिनाला थंड हवा: इनटेकचे तापमान मोजण्यापासून इंटरकूलर आणि पाण्याच्या फवाऱ्यापर्यंत

इंजिनाची ताकद इंधनातून येते असे आपण सहज म्हणतो, पण एका आवर्तनात किती इंधन जाळता येईल हे सिलिंडरमध्ये पोहोचलेल्या हवेवर ठरते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जाळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते, परंतु त्यात मावणाऱ्या हवेचे वजन तिच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त होते. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा साधारण १.१८ किलो भरते आणि ६० अंशांना तीच १.०६ किलोवर येते. म्हणजे बॉनेटखालची तापलेली हवा ओढणारे इंजिन दर श्वासाला दहा टक्के हवा गमावत असते.

ही दहा टक्के हवा परत मिळवली की दहा टक्के ताकद वाढेल, असा हिशेब जाहिरातींत हमखास मांडलेला असतो. प्रत्यक्षात तो तसा जमत नाही. थंड हवा आत शिरल्यावर गरम पोर्ट आणि सिलिंडरच्या भिंतींकडून अधिक उष्णता घेते. शिवाय व्हॉल्व्हच्या अरुंद फटीतून किती हवा जाऊ शकते हे ध्वनीच्या वेगाशी बांधलेले असते आणि थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो. त्यामुळे टर्बो (हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारे यंत्र) नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद निरपेक्ष तापमानाच्या साध्या व्यस्त प्रमाणात न बदलता ढोबळमानाने त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. डायनोवरील (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरील) आकडे २५ अंशांच्या प्रमाण हवेत आणण्यासाठी वापरले जाणारे एसएई जे१३४९ हे मानकही याच वर्गमुळावर आधारलेले आहे. ४५ अंशांची हवा २५ अंशांवर आणली तर घनता ६.७ टक्क्यांनी वाढते, पण ताकद वाढते ती तीन ते चार टक्के.

मग या खटाटोपाला अर्थ काय? अर्थ आहे, आणि तो नॉकिंगमध्ये, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून इंजिनाला बसणाऱ्या धक्क्यांमध्ये, दडलेला आहे. हवा जितकी गरम, तितके मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा ठिणगीनंतर भलत्याच ठिकाणी आपोआप पेट घेण्याची शक्यता अधिक. हे टाळण्यासाठी ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) इनटेकचे, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गाचे, तापमान वाढलेले पाहून, किंवा नॉक सेन्सरचा इशारा मिळताच, इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. टर्बो इंजिनात तो बूस्टही (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) कमी करतो. गाडी सकाळी जोरात पळते आणि दुपारी रहदारीत अर्धा तास काढल्यावर मरगळल्यासारखी वाटते, त्याचे मुख्य कारण घनतेपेक्षा हे मागे घेतलेले टायमिंग असते. म्हणून या कामातून आपण जे मिळवतो ते बहुतांशी नवी ताकद नसून, मूळचीच पण उष्णतेमुळे हरवणारी ताकद असते, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

पहिली पायरी: मोजमाप

काहीही विकत घेण्यापूर्वी सध्याची स्थिती मोजावी. बहुतेक आधुनिक गाड्यांत इनटेक हवेचे तापमान सांगणारा सेन्सर असतो आणि गाडीच्या तपासणी-सॉकेटला जोडायच्या साध्या ओबीडी स्कॅनरवर किंवा मोबाइलला जोडता येणाऱ्या ॲडॉप्टरवर त्याचा आकडा एकेका अंशाने वाचता येतो. मात्र हा सेन्सर कुठे बसवलेला आहे ते आधी शोधून काढावे. तो एअर फिल्टरजवळच्या एअरफ्लो मीटरमध्ये (आत येणारी हवा मोजणाऱ्या उपकरणात) असेल, तर टर्बो इंजिनात तो टर्बोच्या आधीची हवा मोजतो आणि इंटरकूलर, म्हणजे टर्बोने तापवलेली हवा निववणारी जाळी, नीट काम करतो आहे की नाही याबद्दल काहीच सांगत नाही. तो इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांवर) दाबाच्या सेन्सरसोबत असेल, तर सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेच्या बराच जवळचा आकडा मिळतो. हवे त्या जागी तापमान पाहायचे असेल, तर के-प्रकारच्या थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारेची) दोन-तीन टोके आणि एक साधे मीटर पुरेसे आहे.

नोंदी चार परिस्थितींत घ्याव्यात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्याआधी इनटेक, कूलंट आणि बाहेरची हवा या तिन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत; तसे आले नाहीत तर सेन्सरमध्येच दोष आहे आणि पुढचे सारे मोजमाप फुकट जाईल. दुसरी नोंद इंजिन गरम झाल्यावर उभ्या गाडीत दहा मिनिटांच्या आयडलिंगनंतर, तिसरी ठरावीक वेगाने दहा मिनिटे चालवल्यावर आणि चौथी बंदिस्त ट्रॅकवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन घ्यावी. प्रत्येक वेळी इनटेकच्या तापमानातून बाहेरच्या हवेचे तापमान वजा करावे. या संपूर्ण कामात पाहायचा आकडा ही वजाबाकी आहे, नुसते तापमान नव्हे, कारण दिवस बदलला की तापमान बदलते, पण ही तफावत गाडीची स्वतःची असते. तिच्याबरोबर इग्निशन टायमिंग, मॅनिफोल्डचा दाब आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती) यांचीही नोंद ठेवावी.

आयडलिंगला आलेला मोठा आकडा पाहून घाबरून जाऊ नये. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला जेमतेम चार लिटर हवा घेते. ७० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये ती सेकंदाला एक मीटर या संथ गतीने सरकते आणि वाटेत भरपूर तापते. हेच इंजिन ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला नव्वद लिटरच्या आसपास हवा ओढते, तेव्हा पाइपमधला वेग सेकंदाला २३ मीटरवर जातो आणि एक मीटर अंतर हवा पाव सेकंदाच्याही पाचव्या हिश्श्यात ओलांडते. एवढ्या वेळात पाइपच्या भिंतीकडून तिला फारशी उष्णता मिळत नाही. पाइप ॲल्युमिनियमचा असावा की प्लास्टिकचा यावर जो वाद रंगतो त्याचे उत्तर यातच आहे: पूर्ण ॲक्सिलरेटरवर फरक नगण्य असतो, तर रहदारीत आणि पुन्हा सुरू केलेल्या गरम इंजिनात प्लास्टिक किंवा सिलिकॉन उजवे ठरते. चकाकणारा धातूचा पाइप दिसायला देखणा असतो, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

दुसरी पायरी: मूळ एअरबॉक्सची तपासणी

माझे स्पष्ट मत असे आहे की, कारखान्यातून आलेला बंद एअरबॉक्स सुस्थितीत असेल, तर तो काढून बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावणे हा बहुतेक गाड्यांत तोट्याचा व्यवहार असतो. उघड्या फिल्टरने इनटेकचा आवाज मोठा होतो, आणि आवाज वाढला की गाडी अधिक जोरात पळते असे चालवणाऱ्याला वाटू लागते. तो फिल्टर मात्र रेडिएटरच्या मागची, पंख्याने फेकलेली गरम हवा ओढत असतो. मूळ एअरबॉक्सचे तोंड बहुधा पुढच्या जाळीमागे किंवा पुढच्या चाकावरच्या पत्र्याआड, बाहेरच्या हवेत असते.

म्हणून आधी हा मूळ मार्ग टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपून पाहावा. जाळीमागची नळी दुरुस्तीच्या वेळी निसटून तशीच राहिलेली असणे, एअरबॉक्सचे झाकण एका बाजूने उचललेले असणे, फिल्टरची रबरी कड नीट न बसणे, एअरबॉक्सखालचा रबरी बुश गायब असणे, असे दोष जुन्या गाड्यांत वारंवार सापडतात आणि ते दूर करायला फारसे काही लागत नाही. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि इंजिनाखालचे आवरण जागेवर आहे की नाही हेही पाहावे. ते नसेल तर उभ्या गाडीत पंख्याने मागे ढकललेली गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि एअरबॉक्सच्या तोंडाशी पोहोचते. फिल्टर मळलेला असल्यास बदलावा. धुऊन वापरायच्या कापडी फिल्टरला तेल लावताना हात आखडता ठेवावा, कारण जादा तेल एअरफ्लो मीटरच्या नाजूक तारेवर बसते आणि मीटर चुकीचे आकडे देऊ लागते.

तोंड अधिक थंड जागी न्यायचे ठरवले, तर ते किती खाली न्यायचे याला मर्यादा आहे. बंपरच्या तळाशी ठेवलेला फिल्टर थंड हवा घेतो हे खरे, पण साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना तो पाणीही घेतो. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते पुरेसे शिरले की वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडले आणि फिल्टर ओला सापडला, तर स्टार्टर पुन्हा फिरवू नये. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामे करावेत. एअरबॉक्सच्या तळाला पाणी निथळण्यासाठी असलेले भोकही कधी बुजवू नये. पाइपचा व्यास बदलताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: एअरफ्लो मीटर ठरावीक व्यासाच्या नळीसाठी जुळवलेला असतो, त्यामुळे त्याच्या जागची नळी मोठी केल्यास ईसीयूला प्रत्यक्षापेक्षा कमी हवा दिसते आणि मिश्रण पातळ होते. काम झाल्यावर फ्युएल ट्रिम आधीच्या नोंदींपेक्षा दहा टक्क्यांनी सरकलेले दिसले, तर हवा कुठूनतरी गळते आहे किंवा मीटर फसला आहे असे समजावे.

तिसरी पायरी: उष्णतेला अडवणे

इनटेकपर्यंत उष्णता दोन वाटांनी येते. एक वाट एक्झॉस्टच्या प्रारणाची, दुसरी गरम धातूच्या स्पर्शाची.

प्रारण अडवण्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि एअरबॉक्स यांच्यामध्ये पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल लावावी. पत्रा आणि एअरबॉक्स यांत एक-दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी, कारण ढालीचा निम्मा उपयोग त्या मोकळ्या हवेच्या थरामुळे होतो. पत्रा भिडवून लावला तर तो स्वतः तापून उष्णता पुढे देतो. परावर्तक सोनेरी किंवा चंदेरी टेपचेही तसेच आहे. ज्या बाजूला एक्झॉस्ट दिसतो त्या बाजूला लावलेली टेप काम करते, आणि सगळा पाइप गुंडाळून टाकण्यात शोभेपलीकडे काही नाही. कारखान्याने बसवलेल्या ढाली दुरुस्तीच्या वेळी काढून परत न लावण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. तुमच्या गाडीत त्या आहेत का, हे आधी पाहावे.

एक्झॉस्टभोवती गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी प्रभावी असते, पण तिच्याबद्दल मी सावध आहे. ती उष्णता धातूतच कोंडते, ओल धरते आणि साध्या पोलादाचा पाइप लवकर गंजवते. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डला तडा जाण्याचा धोकाही वाढतो. तिच्यावर इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल झिरपले, तर ती वातीसारखी पेट घेऊ शकते. टर्बोवर बसणारे तयार आवरण किंवा सिरॅमिकचा लेप हा अधिक सुरक्षित पर्याय आहे. कोणताही उपाय करताना वायरिंग, इंधनाच्या नळ्या आणि ब्रेकच्या नळ्या यांपासून अंतर राखावे, आणि साधा फोम किंवा थर्माकोल इंजिनजवळ अजिबात वापरू नये.

स्पर्शाने येणारी उष्णता अडवण्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये उष्णता सहसा न वाहणाऱ्या फिनॉलिक रेझिनचा जाड स्पेसर घालता येतो. मॅनिफोल्ड धातूचे असेल तरच त्याचा फरक जाणवतो. आजकालच्या प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला तो मुळातच फारसा लागत नाही. थ्रॉटल बॉडीमधून गरम कूलंट फिरवणाऱ्या नळ्या बंद करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्या नळ्या थंड, दमट हवेत थ्रॉटलच्या झडपेवर बर्फ जमून ती अडकू नये म्हणून दिलेल्या असतात. पूर्ण ॲक्सिलरेटरवर झडपेजवळून सुसाट जाणाऱ्या हवेला त्यांच्यामुळे मिळणारी उष्णता किरकोळ असते, म्हणून जिथे गोठणबिंदूच्या आसपासचे तापमान येते तिथे त्या जशा आहेत तशाच राहू द्याव्यात.

टर्बो नसलेल्या गाडीचे काम बहुधा इथेच संपते.

चौथी पायरी: टर्बो असेल तर इंटरकूलर

टर्बो इंजिनात हवा तापवण्याचे काम बॉनेटखालच्या उष्णतेपेक्षा स्वतः कॉम्प्रेसर कितीतरी अधिक करतो. बाहेरची हवा ३० अंशांची आहे आणि बूस्ट एक बार आहे असे धरू, म्हणजे हवेचा दाब दुप्पट होतो. आदर्श कॉम्प्रेसरमध्येही तेवढ्याने हवा ६६ अंशांनी तापेल. ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमध्ये ती ९५ अंशांनी तापते आणि बाहेर पडताना १२५ अंशांवर असते. इंटरकूलरने या ९५ अंशांपैकी ७० टक्के काढून घेतले तर हवा ५८ ते ५९ अंशांवर येते, ८० टक्के काढले तर ४९ अंशांवर. इंटरकूलर नसण्याच्या तुलनेत पहिल्या स्थितीतच घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढते. पोर्शेने १९७८ मध्ये ९११ टर्बोचे इंजिन ३.३ लिटरचे केले तेव्हा मागच्या स्पॉयलरखाली इंटरकूलर बसवला, तो याच हिशेबामुळे. त्यानंतर इंटरकूलरशिवायची टर्बो गाडी हळूहळू अपवाद होत गेली.

तुमचा इंटरकूलर किती चांगला आहे हे काढण्यासाठी त्याच्या आधी आणि नंतर एकेक थर्मोकपल बसवावा. आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानातील फरकाला, आत जाणारी हवा आणि बाहेरचे वातावरण यांच्या तापमानातील फरकाने भागावे. सलग तीन-चार वेळा जोर लावून पळवल्यावरही हे उत्तर ०.७ च्या वर टिकत असेल, तर मोठा इंटरकूलर घेण्याची घाई करू नये. पहिल्या वेळी ०.७५ आणि चौथ्या वेळी ०.५ येत असेल, तर इंटरकूलरचा गाभा उष्णतेने भरून जातो आहे आणि त्याला पुरेशी बाहेरची हवा मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

अशा वेळी पहिला उपाय हवेची वाट बांधण्याचा आहे. हवा नेहमी सोपा मार्ग धरते. इंटरकूलरच्या कडेला दोन बोटांची फट असेल तर ती पंखांच्या, म्हणजे गाभ्यावरच्या पातळ पत्र्यांच्या, दाट जाळीतून जाण्याऐवजी त्या फटीतून निसटते. बंपरच्या तोंडापासून इंटरकूलरच्या कडेपर्यंत प्लास्टिकच्या पत्र्याची वाट करून तिच्या कडा उष्णता सोसणाऱ्या रबराने बंद कराव्यात. वाटेचे तोंड इंटरकूलरच्या पृष्ठभागापेक्षा लहान असले तरी चालते, कारण पुढे रुंदावत जाणाऱ्या वाटेत हवेचा वेग कमी होऊन दाब वाढतो. मागच्या बाजूने हवा बाहेर पडायलाही जागा हवी. वाकलेले पंख बारीक कंगव्याने सरळ करावेत, अडकलेली माती आणि किडे आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाच्या पाण्याने काढावेत. नळ्या उघडल्याच आहेत तर आतले तेलही धुऊन काढावे. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) येणाऱ्या वाफेबरोबर ते साचत जाते आणि आतल्या पृष्ठभागावर उष्णता अडवणारा थर तयार करते. इंटरकूलर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये.

हे करूनही आकडा सुधारला नाही, तर मोठ्या इंटरकूलरचा विचार करावा. निवडताना गाभ्याची जाडी पाहून भुलू नये. समोरचा पृष्ठभाग मोठा असणे अधिक महत्त्वाचे, कारण जाड गाभ्याच्या मागच्या भागाला पुढच्या भागाने आधीच तापवलेली हवा मिळते. चपट्या पट्ट्यांचा जड गाभा उष्णता जास्त वेळ शोषून धरतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने जोर लावायचा असेल तर तो बरा. नळ्या आणि पंखांचा हलका गाभा लवकर निवतो. इंटरकूलरमध्ये दाब किती घटतो हेही मोजावे. दोन बार निरपेक्ष (वातावरणाचा दाब धरून मोजलेल्या) दाबातून ०.१ बार घटला, तर तापमान कमी करून मिळवलेल्या घनतेतली पाच टक्के तिथेच गेली, आणि तो दाब भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरून हवा आणखी तापवावी लागते. रेडिएटरसमोर मोठा इंटरकूलर आला की रेडिएटरला आणि एसीच्या कंडेन्सरला गरम हवा मिळते, त्यामुळे काम झाल्यावर कूलंटच्या तापमानावर काही दिवस लक्ष ठेवावे लागते. पाइप जोडून झाल्यावर सगळी वाट बंद करून कामाच्या बूस्टइतका, त्याहून जास्त नव्हे, हवेचा दाब द्यावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

पाण्याने थंड होणारा इंटरकूलर हा वेगळा प्रकार आहे. त्यात हवा आपली उष्णता पाण्याला देते आणि ते पाणी इंजिनाच्या कूलंटपासून स्वतंत्र असलेल्या लहान रेडिएटरमध्ये निवते. त्याचे गुणदोष आकड्यांतून चांगले कळतात. अडीचशेच्या आसपास अश्वशक्ती देणारे इंजिन सेकंदाला ०.२ किलो हवा घेते. ती ६६ अंशांनी निववायची म्हणजे १३ किलोवॉट उष्णता काढायची. पाच लिटर पाण्याने ती सगळी स्वतःत साठवली, तर ते सेकंदाला ०.६ अंशांनी तापेल, म्हणजे पंधरा सेकंदांच्या झेपेत नऊ-दहा अंश. लहान झेपांसाठी ही पद्धत उत्तम आहे. सलग अर्धा तास ट्रॅकवर पळायचे असेल, तर शेवटी सगळी मदार त्या लहान रेडिएटरवर आणि पंपावर येते. पाणी भरताना वाटेत अडकलेली हवा पूर्ण काढावी. पंप चालू असून पाणी फिरत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हवेचा बुडबुडा असतो. २०१८ च्या डॉज डेमनमध्ये हे पाणी एसीच्या वायूने आणखी थंड करण्याची सोय होती, पण घरच्या घरी तशी जोडणी करण्याच्या फंदात पडू नये.

पाचवी पायरी: पाण्याचा फवारा

पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची प्रचंड उष्णता घेते: एका किलोला सुमारे २,४०० किलोज्यूल, तर पेट्रोलला साधारण ३५० आणि मिथेनॉलला ११०० किलोज्यूल. या गुणाचा उपयोग दोन प्रकारे करतात.

पहिला प्रकार निरुपद्रवी आहे. इंटरकूलरच्या बाहेरच्या पंखांवर पाण्याची बारीक फवारणी करायची. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयच्या काही आवृत्त्यांत ही सोय कारखान्यातूनच येत असे. सेकंदाला पाच-साडेपाच ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ झाली, तर वर काढलेली सगळी १३ किलोवॉट उष्णता त्यातच निघून जाईल. प्रत्यक्षात बरेचसे पाणी थेंब म्हणून खाली गळते, म्हणून धार नको, धुके हवे, आणि दोन-तीन सेकंदांची फवारणी करून थांबणे सलग फवारण्यापेक्षा किफायतशीर असते. पाणी डिस्टिल्ड वापरावे, नाहीतर पंखांवर क्षार साचून मूळचीच क्षमता जाते. दमट हवेत वाफ कमी होते, तेव्हा फारशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरा प्रकार पाणी किंवा पाणी-मिथेनॉलचे मिश्रण थेट इनटेकमध्ये फवारण्याचा आहे. तो जुना आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीत नॉकिंग रोखण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचा द्रव वेगळ्या टाकीतून दिला जात असे, आणि बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएसमध्येही पाण्याचा फवारा होता. वरच्याच इंजिनात सेकंदाला १६-१७ ग्रॅम पेट्रोल जळत असताना त्याच्या १२ टक्के, म्हणजे दोन ग्रॅम पाणी दिले आणि त्याची पूर्ण वाफ झाली, तर हवा २४ अंशांनी निवू शकते. पाइपमध्ये इतकी वाफ होत नाही. उरलेले पाणी सिलिंडरमध्ये वाफ होते आणि तिथेच नॉकिंग दाबून टाकते, त्यामुळे सेन्सरवर दिसणाऱ्या घसरणीपेक्षा खरा फायदा मोठा असतो.

फवाऱ्याची नोझल इंटरकूलरनंतर आणि थ्रॉटल बॉडीच्या आधी बसवावी. एअरफ्लो मीटर आणि तापमानाचा सेन्सर फवाऱ्याच्या मार्गात येऊ देऊ नये, कारण ओला सेन्सर हवेऐवजी थेंबाचे तापमान सांगतो. नोझलजवळ विजेने उघडणारी-मिटणारी सोलेनॉइड झडप लावावी. ती नसेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावरही नळीतले पाणी इनटेकमध्ये झिरपत राहू शकते. फवारा ठरावीक बूस्टच्या वरच सुरू होईल अशी जुळवणी करावी.

सर्वांत मोठा प्रश्न टाकी रिकामी झाल्यावर काय होते, हा आहे. फवाऱ्याच्या भरवशावर टायमिंग पुढे घेतलेल्या आणि बूस्ट वाढवलेल्या इंजिनात पाणी अचानक थांबले, तर पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. जेटफायरमध्ये द्रव संपला की एक वेगळी झडप बूस्ट आपोआप मर्यादित करत असे. साठ वर्षांपूर्वी जी काळजी घेतली गेली, ती आजच्या तयार किटमध्ये नसेल तर ते किट घेऊ नये. टाकीतील पातळी आणि नळीतील प्रवाह या दोन्हींचे सेन्सर ईसीयूला जोडून, दोष दिसताच तो सुरक्षित नकाशावर (टायमिंग, इंधन आणि बूस्टच्या ठरलेल्या आकड्यांच्या तक्त्यावर) परतेल अशी व्यवस्था असावी. मिथेनॉल वापरायचे असल्यास मिश्रणात ते निम्म्याहून जास्त नको. ते त्वचेतूनही शरीरात जाते, पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. हातमोजे, मोकळी हवा आणि पक्क्या झाकणाची टाकी यांत तडजोड नको. फक्त शुद्ध पाण्याने नॉकिंगचे बरेच काम भागते, आणि मी तरी तिथूनच सुरुवात करण्याच्या मताचा आहे.

काही गोष्टी करू नयेत

इनटेकच्या सेन्सरच्या तारेत रेझिस्टर घालून ईसीयूला हवा थंड असल्याचे भासवण्याची युक्ती स्वस्त आहे आणि इंजिनाच्या मुळावर येणारी आहे. हवा थंड झालेली नसतेच. ईसीयू मात्र टायमिंग पुढे नेतो आणि इंधन वाढवतो, म्हणजे ज्या नॉकिंगपासून तो इंजिनाला वाचवत होता, त्याच्याच तोंडी आपण इंजिन देतो. सुका बर्फ किंवा बर्फाची पेटी इनटेकच्या वाटेत ठेवणे एका शर्यतीपुरते ठीक असेल, रोजच्या वापरात नव्हे.

थंड हवेने पेट्रोल वाचते ही समजूतही सोडून द्यावी. कमी ॲक्सिलरेटरवर ठरावीक वेगाने चालताना हवा थंड आणि घन असेल, तर तेवढीच ताकद काढण्यासाठी थ्रॉटल अधिक मिटावा लागतो आणि पिस्टनला हवा ओढण्यासाठी जास्त कष्ट पडतात. डिझेल इंजिनाचे गणित वेगळे आहे: तिथे नॉकिंगचा हा प्रश्न नाही, पण थंड हवेने एक्झॉस्टचे तापमान आणि नायट्रोजन ऑक्साइडे कमी होतात, म्हणून डिझेल गाडीतही इंटरकूलर स्वच्छ ठेवणे फायद्याचेच आहे.

शेवटची पायरी: पुन्हा मोजमाप

प्रत्येक बदल एकेकटा करावा आणि प्रत्येकानंतर पहिल्या पायरीतल्या चारही नोंदी पुन्हा घ्याव्यात. दोन बदल एकदम केले, तर कोणामुळे काय झाले हे कधीच कळत नाही. बंदिस्त ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ५,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ स्कॅनरच्या नोंदीवरून काढावा. तेच इंधन, टायरमध्ये तीच हवा, गाडीत तेवढेच वजन ठेवून दोन्ही दिशांना किमान तीन-तीन वेळा मोजावे आणि सरासरी घ्यावी. एकाच स्थितीतल्या मोजमापांत आपसातच जेवढा फरक पडतो, त्यापेक्षा मिळालेली सुधारणा लहान असेल, तर ती सुधारणा झाली असे मानू नये.

टर्बो इंजिनात इंटरकूलर मोठा केला किंवा पाण्याचा फवारा जोडला, तर ईसीयूचा नकाशा जाणकाराकडून डायनोवर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. नकाशा न बदलता मिळणारा फायदा मागे न घेतलेल्या टायमिंगपुरताच असतो. बदलांमुळे वॉरंटी आणि विमा यांवर काय परिणाम होतो, आणि आपल्याकडच्या नियमांत ते बसतात का, हे काम सुरू करण्यापूर्वी विचारून घ्यावे. महिन्याभराने सगळे क्लॅम्प पुन्हा आवळावेत, कारण नवे सिलिकॉन होज तापून-निवून बसतात आणि सांधे सैल होतात. त्याच वेळी ढालींचे स्क्रू, नोझलची गळती आणि इंटरकूलरचे पंखही पाहून घ्यावेत, आणि वर्षातल्या सर्वांत गरम दिवसांत, भर दुपारी, एकदा पूर्ण नोंद घेऊन ती पहिल्या दिवशीच्या कागदाशेजारी ठेवावी.